दसऱ्याला मोटार बंद, गळा चालू

सेन्सरवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही जांभई दिलीत, दिसली मला. वाटलं ना, हा आता आकृती काढणार? नाय काढणार. तालुक्याच्या शाळेत मला आकृती कधी जमलीच नाही. जमायची ती फक्त हेडसरांच्या खोकल्याची नक्कल.

तर तुर्भ्यातली एक मसाल्याची गिरणी. शेठनी दसऱ्याच्या मुहूर्तावर बोलावलेलं. माझ्या खिशात कंपनीचा सेन्सर, काडेपेटीएवढा. मोटारीला चिकटवायचा, तिच्या थरथरीवर तो स्वतःच वीज बनवतो आणि तिची तब्येत मोबाईलवर कळवतो. वायर नाही, सेल नाही. पहिल्यांदा जी थरथर मिळेल ती 'निरोगी' म्हणून लक्षात ठेवतो. हे सगळं मी शेठना सांगितलं, स्वतःला सांगायचं राहिलं.

शेठना पटलं तर सगळ्या मोटारींची ऑर्डर, आणि ऑर्डर आली तर मी पर्मनंट, असं आमचे साहेब म्हणालेले.

आत गेलो तर मोटार हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून गप्प बसलेली.

"शेठ, दोन मिनिटं चालू करा ना."

"पूजा झाली. आता उद्या."

"पण थरथर नसेल तर हा चालायचा कसा?"

"मग तूच थरथर की!"

कामगार खिदळले. आपल्याला तेवढंच पाहिजे असतं. डबी गळ्याला दाबली, डोळे मिटले आणि मागच्या खेपेला ऐकलेला मोटारीचा आवाज काढला. आधी घर्रर्र, मग एकसुरात घूंऽऽऽ. पण गिरणी मिरचीची. मध्येच असा ठसका लागला की थेट हेडसरच आले अंगात.

शेठचा मोबाईल हिरवा झाला. 'मोटार सुस्थितीत.'

"पेढा भरवा रे मोटारीला!" शेठ ओरडले. माझ्या तोंडात पेढा, हातात आपट्याची पानं. "सोनं घे. सगळ्या मोटारींना लाव!" मी ती डबी हारवाल्या मोटारीला चिकटवली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली आणि शेठचा मोबाईल बोंबलला: 'मोटारीत गंभीर बिघाड.' फिटरने मोटार पूर्ण खोलली. काय सापडणार, कपाळ?

दुपारी ऐरोलीच्या ऑफिसात साहेबांनी केबिनचं दार लावलं.

"नालायका, पर्मनंट व्हायचंय ना? मग आधी तुर्भ्याला पळ आणि त्या यंत्राच्या डोक्यातून तुझा गळा पुसून ये! मोटार धडधाकट आहे रे, आणि ते सकाळपासून कोकलतंय, ही खोकत का नाही म्हणून!"