छत्तीस वर्षांचा चेहरा

“अरे मास्टरजी, शरम नहीं आती? बच्चे को धूप में खड़ा कर रखा है!”

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक बाई माझ्यावर ओरडत होत्या. जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, गल्ल्या इतक्या अरुंद, की वरचा आवाज खाली येईपर्यंत चार भिंतींवर आपटतो आणि चौपट होतो. त्या एकट्या बाई मला अख्ख्या महिला मंडळाएवढ्या ऐकू आल्या. समोरचा लस्सीवाला काम टाकून बाहेर आला. एक ई-रिक्षा थांबली आणि तिच्यातल्या सहाच्या सहा सवाऱ्या माझ्याकडे असं बघायला लागल्या, की जणू मी पोराला झाडाला उलटं टांगलंय. मे महिना, दुपारचे साडेबारा. त्या फरशीवर पापड ठेवला असता तर भाजून, वर तिखट-कांदा पडून मिळाला असता.

आणि बाई ज्याला बच्चा म्हणत होत्या त्याचं वय छत्तीस. त्याच्या हाताखाली कंपनीत अकरा माणसं आहेत. त्यांतल्या तिघांना टक्कल पडलंय.

मी फोटोग्राफर. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन जयपुरात आले ते इथेच रुतले. राहतो मुरलीपुऱ्यात, स्टुडिओ शास्त्री नगरात. वीस वर्षं माझं पोट एकाच कामावर भरतंय: लग्नाच्या स्थळांसाठी फोटो काढणं, म्हणजेच वय लपवणं. आजवर मी पुसलेल्या सुरकुत्या एकीला एक जोडल्या तर त्या जयपूरहून निघून भुसावळच्या तीन नंबर फलाटावर उतरतील. आणि ज्यांच्या पुसल्या त्यांच्याबद्दल माझ्या मनात कणभर आदर उरलेला नाही. माणसाला स्वतःचा चेहरा आरशात बघवत नाही, पण परक्या बाईने तो बघताक्षणी भाळून जावं अशी त्याची अपेक्षा असते. पूर्वी निदान असली गिऱ्हाइकं आईबापांना घेऊन लाजत यायची. आता मोबाइलवर जुळवाजुळव सुरू झाल्यापासून एकेकटी येतात, आणि लाज घरी ठेवून येतात.

हा उन्हातला बच्चा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, मूळचा सांगलीचा. चेहरा असा, की देवाने दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याचं काम थांबवलं आणि पुढचा हप्ता पाठवायला विसरला. दाढी म्हणून जे उगवतं त्याहून जास्त केस मक्याच्या कणसाला असतात. चौकातला पोलीस त्याच्याकडे लायसन्स मागत नाही, वडिलांचा नंबर मागतो. निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या मॅडमनी त्याला आई येईपर्यंत बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मी मागेच रांगेत होतो. नव्हतो, पण असतो तर हेच बघितलं असतं. मी त्याच्याहून फक्त पाच वर्षांनी मोठा. तरी तो मला काका म्हणतो, आणि मतलब, आजवर एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलेलं नाही. ते मी विसरलेलो नाही.

मोबाइलवरच्या त्या जुळवाजुळवीच्या खात्यात त्याने वय खरं लिहिलं होतं. तिथेच घोळ झाला. वय छत्तीस आणि फोटोत हा गोंडस, त्यामुळे बायकांना वाटायचं, गड्याने कॉलेजातला फोटो चिकटवलाय, आता ढेरी सुटली असणार. तशातही एक बाई तीन महिने त्याच्याशी बोलत होत्या. परभणीकडच्या, इथे बँकेत अधिकारी, वय पस्तीस. अहो-जाहो करून, पूर्ण वाक्यं लिहून, शुद्धलेखन सांभाळून. हा त्यांचे निरोप मला जिन्यात थांबवून वाचून दाखवायचा. त्याआधी त्यांना एकाने चांगलाच चकवला होता. फोटोत काळेभोर केस, आणि प्रत्यक्षात भेटायला आला तेव्हा त्याची मुलगीच कॉलेजात होती. तर त्या रविवारी सकाळी बाईंनी लिहिलं, “तुम्ही बोलता चांगलं. पण तुमचं वय आणि फोटो जुळत नाहीत. आजचा फोटो संध्याकाळी सातच्या आत पाठवा. नाहीतर मी इथेच थांबते.” आणि याचा आवाजही अजून फुटायचा राहिलेला, तेव्हा फोनवर खात्री पटवायची सोयच नाही.

हे दाखवायला त्याने मला हाताला धरून वर त्याच्या खोलीत नेलं. मला दया यायला हवी होती. येतच होती खरं तर. तेवढ्यात तो म्हणाला, “काका, वय दिसलं पाहिजे. पण तसा स्मार्टही दिसलो पाहिजे.” मागे हँगरवर इस्त्रीचे पाच शर्ट आणि खिशात गोरं करायचं क्रीम. दया आली तशी जिन्यावरून खाली उतरून गेली.

बरं, मलाही उत्साह. वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी वय वाढवून मागत होतं. आधी त्याला चारदीवारीतल्या एका साफेवाल्याकडे नेला. पाचरंगी साफा, म्हणजे इकडचा फेटा, बांधला, चिकटवायच्या मिशा लावल्या. बालविवाहातून पोलिसांनी सोडवून आणलेला नवरदेव दिसायला लागला. साफेवाल्याने अदबीने विचारलं, कौनसे स्कूल का फंक्शन है. मिशा ओढून काढल्या तर वरचा ओठ लाल झाला आणि आणखी दोन वर्षं कमी झाली.

मग मी हत्यार काढलं: ऊन. आमच्या धंद्यात भर दुपारच्या डोक्यावरच्या उन्हाला शत्रू मानतात. ते डोळ्यांखाली खड्डे पाडतं, नाकाजवळची प्रत्येक रेघ कोरून काढतं. या उन्हात उभी केली तर वीस वर्षांची पोरगी चाळिशीची दिसते. म्हटलं, बघू हा किती टिकतो. त्याला गल्लीच्या मधोमध उभा केला आणि हलू नकोस म्हणून दम दिला. पाऊण तास. घाम निथळला, क्रीम वाहून गेलं, आणि त्याच सुमाराला वरून गॅलरीतल्या बाईंनी मला मास्टरजी केलं.

त्याने मान वर केली. ओरडला नाही. दमल्या आवाजात म्हणाला, “बहनजी, मैं छत्तीस का हूँ.”

“हाँ बेटा,” बाई म्हणाल्या, “और मैं सोलह की.”

सवाऱ्या हसल्या, लस्सीवाला हसला, मीही हसलो. त्याने नजर खाली आणून माझ्याकडे बघितलं, आणि मी बटण दाबलं.

तो फोटो मी आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो. आता मी थापा मारतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल, पण ही थाप नाही. डोळ्यांखाली सावली, ओठांच्या बाजूला दोन रेघा, कानाजवळ तीन पांढरे केस, जे रोज जिन्यात भेटूनही मला कधी दिसले नव्हते. वीस वर्षं बच्चा म्हणवून घेतलेला एक पुरुष सरळ समोर बघत होता. छत्तीसच काय, खातं उघडायला गेला असता तर बँकेने त्याला ज्येष्ठ नागरिकाचं व्याज दिलं असतं.

घरी जाऊन जेवलो, उन्हं उतरल्यावर दोघं स्टुडिओत आलो, फोटो संगणकावर उघडला, चहा मागवला. आणि चहा पिता पिता माझ्या उजव्या हाताने वीस वर्षांच्या सवयीचं काम केलं. डोळ्यांखालची सावली पुसली. दोन्ही रेघा पुसल्या. तीन केस काळे केले. मी तेव्हा पंख्याकडे बघत होतो की कशाकडे कोण जाणे. कप खाली ठेवला तेव्हा पडद्यावर दहावीचा विद्यार्थी बसला होता.

मी ओशाळून म्हणालो, थांब, मूळचा आहे, तोच पाठवू. दोन्ही शेजारी शेजारी लावले. साडेसहा वाजत आले होते. तो खुर्ची पुढे ओढून बघत बसला. डावीकडे तो होता, उजवीकडे माझं पाप.

“डावा पाठव,” मी म्हणालो.

“काका, डाव्यात मी थकलेला दिसतोय.”

“छत्तीसचा दिसतोयस. त्यासाठीच तर भाजून घेतलंस ना.”

“हो, पण आजचा मला ती पहिल्यांदाच बघणार. उजव्यात त्वचा बघा ना कसली आलीय.”

म्हणजे बघा. जन्मभर ज्या चेहऱ्याने त्याचा घात केला, जो बदलायला तो पाऊण तास तव्यावर उभा राहिला, तोच चेहरा जरा चकाकून समोर आला तर गडी त्याच्यावर भाळला. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. खरं सांगायचं तर तोंडात बिस्किट होतं, आणि ते काका म्हणणंही आठवत होतं. त्याने उजवा फोटो मोबाइलवर घेतला, खाली ‘आजचाच आहे’ असं लिहिलं आणि पाठवून टाकला. मग शर्टाची कॉलर नीट करून बसला, बाई जणू आत्ता दारातून आत येणार आहेत.

सातला दहा कमी असताना उत्तर आलं. वाचून त्याने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. तीन महिने ज्या बाईंनी त्याला एकदाही अहोशिवाय हाक मारली नव्हती, त्यांनी एकच ओळ लिहिली होती.

“घरी मोठं कुणी असेल तर त्यांच्याकडे फोन दे.”