वकीलीणबाईंचा ओला गाल

एखाद्या विश्वात आपल्या मनासारखे घडत नसेल तर त्याच्याशी वाद न घालता दुसरे विश्व रंगवायला घ्यावे, हा सिद्धांत माझ्या आत्याइतक्या निष्ठेने आचरणारी व्यक्ती पाचोडपासून हर्सूलपर्यंत सापडणार नाही. आत्या मूळची पाचोडची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली आणि संध्याकाळच्या एका कौटुंबिक मालिकेची चाहती बनली. मालिकेतल्या पात्रांवर लेखक अन्याय करतात, असे तिचे ठाम मत आहे. म्हणून ती त्यांना तिथून सोडवून आणते आणि जुन्या युरोपीय व्यक्तिचित्रांच्या थाटात रंगवते: काळोखी पार्श्वभूमी, डावीकडून येणारा प्रकाश आणि हातात ज्याच्या त्याच्या धंद्याची एक वस्तू. मालिकेतली खुनशी सासू आत्याच्या विश्वात दौलताबादला सीताफळे विकते आणि मंद हसते. "कामधंदा नव्हता म्हणून बिघडली होती ती," आत्या म्हणते. "आता कुठं येळ हाय तिला?"

फॅन आर्ट करणाऱ्या मुलामुलींच्या फोनवरील गटात आत्याला मोठा मान आहे, परंतु वेगाच्या बाबतीत तिची गणना होत नाही. ती मुले तासाभरात चित्र पाठवतात. आत्या जवसाच्या तेलात रंग कालवून पातळ थरांवर थर देते आणि प्रत्येक थर वाळायला आठवडा घेतो. तेवढ्यात मालिकेत दोन लग्ने, एक अपहरण आणि एक स्मृतिभ्रंश उरकलेला असतो. तिथल्या धाकट्या दिराला तिने प्रामाणिक जेलर म्हणून रंगवायला घेतले. चौथा थर वाळेपर्यंत त्याने मालिकेत सख्ख्या भावाला विष घातले होते. मी ही विसंगती निदर्शनास आणून दिली. "माझ्याकडं नाय केलं त्यानं तसलं काही," आत्या शांतपणे म्हणाली. "माझ्याकडं वळण लागलंय त्याला."

मग मालिकेने आत्याच्या लाडक्या वकीलीणबाईंना ऐन तारुण्यात अपघातात मारले. आत्या तीन दिवस धड जेवली नाही. तिच्या विश्वात त्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवत होत्या आणि त्यांचे चित्र जवळजवळ पुरे झाले होते. अशात बातमी आली की ती भूमिका करणारी नटी आमच्या शहरात साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार आहे. चित्र तिच्या हातात द्यायचे, ही एकच इच्छा आत्याने धरली. उरले होते दोन दिवस, आणि गालावरचा शेवटचा थर ओला.

रसायनशास्त्र शिकलेली भाची घरात असताना आत्याने हवालदिल व्हावे, हे मला अपमानास्पद वाटले. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. उष्णता दिल्यास ही क्रिया वेगाने होते. मी चित्रासमोर हीटर लावला. क्रिया खरोखरच वेगाने झाली, पण फक्त पृष्ठभागावर. वर साय धरली, खाली तेल तसेच राहिले, आणि वकीलीणबाईंच्या गालावर, डोळ्यांपाशी, ओठांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्या.

मी माफी मागितली. आत्याने चष्मा पुसला आणि चित्राकडे बराच वेळ पाहिले.

"साठीची दिसायली गं."

"खरवडून पुन्हा करता येईल, आत्या."

"ऱ्हाऊ दे. जगली म्हणायची." मग तिने बारीक कुंचला घेतला आणि वकीलीणबाईंचे केस कानशिलापाशी पांढरे केले.

उद्घाटनाच्या गर्दीत आत्या मास्तरणीच्या अधिकाराने वाट काढत पुढे गेली. नटीने चित्र दोन्ही हातांनी धरले. तिच्या चेहऱ्यावरचे ठेवणीतले हसू हळूहळू ओसरले.

"ही मी आहे, काकू?"

"व्हय. जरा वय झालंय तुझं."

"आम्हाला इतकं जगू देत नाहीत हो कुणी," ती म्हणाली आणि चित्र छातीशी धरूनच गाडीत बसली.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. शहरातल्या दिल्ली गेटपाशी आत्याने एकदम माझा हात धरला.

"गाल आतून ओलाच हाय अजून. तिच्या साडीला लागला आसंल."

"लागला असेल," मी म्हणाले.

"महिनाभर काही टेकवू नको त्याला, एवढं सांगायचं ऱ्हाऊन गेलं बघ." ती बाहेर पाहू लागली. नटीला हे कळवावे कसे, याचा मी घरी पोहोचेपर्यंत विचार केला. पत्ता आम्हा दोघींकडेही नव्हता.