अळूच्या पानावरची गोगलगाय

सकाळी परसात पाणी घालताना झारीचा एक थेंब अळूच्या पानावरच्या गोगलगायीच्या शिंगावर पडला. शिंग चटकन आत गेलं आणि जरा वेळाने अंदाज घेत पुन्हा हळूच बाहेर आलं.

माझी लेक प्रयोगशाळेत हेच बघत असते. ती सांगते, "आई, मज्जापेशीच्या भिंतीत इवलीइवली दारं असतात. ती उघडली की मिठातला असतो तोच सोडियम आत शिरतो आणि निरोप पुढे धावतो. तुला तव्याचा चटका बसतो, तेव्हाही हेच होतं."

काल श्रावणी शुक्रवारचं हळदीकुंकू होतं. ओंजळीत फुटाणे घेत शेजारच्या वहिनींनी विचारलं, "लेक काय करते हल्ली?" एरवी मी 'संशोधन' म्हणून विषय संपवते. काल मात्र ठसक्यात सांगितलं, "गोगलगायींच्या नसांमधली दारं तपासते."

सगळ्या खळखळून हसल्या. "अगं बाई! त्याचा उपयोग काय?"

"तुम्ही आत्ता हसलात ना वहिनी, तेसुद्धा तसलीच दारं उघडली म्हणून," मी म्हटलं आणि त्यांच्या दुधात चमचाभर साखर जास्तच घातली.

एवढ्याशा शिंगात आणि आमच्या भरल्या बैठकीत एकच कारभार चालतो, आणि तो माझ्या पोरीला वाचता येतो!

त्या अळूच्या पानाची आज पार चाळण झाली आहे. अळूवडीचा एक उंडा कमी होईल. होऊ दे. लेकीच्या कामावरचं कुणी दारी आलंय, त्याला उपाशी कसं पाठवू?