पाच नंबरचा खण

खणोबांनी या वयात लग्न जमवलं, ही बातमी पहिल्या मजल्यावर निघाली तेव्हा नुसती शंका होती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला तारीख चिकटली, आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना तर मुलगी कुठल्या बँकेत आहे तेसुद्धा ठरून गेलं. पुरावे दोन होते. एक म्हणजे, दर रविवारी सकाळी दहाला गॅलरीत उभं राहून फोनवर ओरडणारा हा माणूस सलग दोन रविवार मुका होता. पुरुषाचा आवाज एकाएकी खाली येतो तो कशाने, हे वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारावं. आणि दुसरा म्हणजे, तिसऱ्या रविवारी पांढऱ्या गाडीतून पस्तिशीची एक बाई उतरली, तिने खणोबांची बेल वाजवली आणि तासाभराने दोघं त्याच गाडीतून निघून गेली.

पुरावे खरे होते, निकाल तेवढा चुकला. बाई खणोबांच्या कंपनीतली होती. कंपनीच्या मशीनना नावं ठेवायचं खातं तिच्याकडे. हे कळल्यावर वहिनी हळहळल्या. नावं ठेवायचा पगार मिळतो, आणि आपण हे काम इतकी वर्षं फुकट करत आलो, याचं वाईट वाटणारच.

तर हे खणोबा. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण पाटी कोण वाचतं? कंपनी कानाची मशीन करते, ऐकू न येणाऱ्यांसाठी. तिच्या तळघरात सुट्या भागांचं स्टोअर आहे, आणि त्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं हा एकच माणूस. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट, एक टेबल आणि तीन भिंतींना छतापर्यंत खणच खण. वरच्या मजल्यांवरून चिठ्ठी येते, खणोबा खण ओढतात, डाळीच्या दाण्याएवढा भाग चिमट्याने पुडीत घालतात, पुडी वर जाते. दिवसात चार वाक्यं बोलून झाली तर तो दिवस गडबडीचा. अशा माणसाला घरी कोण विचारतं म्हणावं, तर घरीही कोणी नव्हतं. एक खोली, एक कॉट, एक खुर्ची. कप दोन होते, पण दुसऱ्यात स्क्रू असत.

कंपनीने पहिलं मशीन काढलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘साद’. चांगलं नाव. मग आली साद दोन, साद तीन, साद चार. इथवर शहाण्यासारखं चाललं होतं. त्यानंतर समोरच्या कंपनीने आपलं सहा नंबरचं मशीन बाजारात आणलं, आणि आपण पाचवर कसे राहणार म्हणून या शहाण्यांनी चारवरून थेट सहावर उडी मारली. पाच नंबरची साद जन्मलीच नाही. मग सहा प्लस आली. कशात काय मिळवलं ते कुणी सांगितलं नाही. मग ‘नवी साद’ आली, आणि ती सहा वर्षं नवीच राहिली. बिल्डिंगमध्येही अशी एक नवी सून आहे, तिचा मुलगा आता कॉलेजात जातो.

न जन्मलेल्या पाचचा सगळ्यात जास्त त्रास खणोबांना. माणसं बोटांवर मोजतात. चारनंतर आलं म्हणजे पाचच, असं म्हणून सहावाले फोन करत, “आमची पाच नंबरची साद बिघडली हो.” काहींना काहीच आठवत नसे, तेही पाच सांगून मोकळे होत. शेवटी खणोबांनी चार आणि सहाच्या मध्ये एक खण मोकळा केला आणि त्यावर ठसठशीत पाच लिहिलं. त्यात जेवणाचा डबा, जुना चष्मा, एक जादा शर्ट, आणि कुठल्याच यादीत न बसणारी मशीनं. गेलेल्या माणसांच्या घरून ती परत येत. सोबत चिठ्ठी, ‘वडील गेले. हे त्यांचं पाच नंबरचं. कुणाच्या उपयोगी पडलं तर बघा.’ यादीत पाच नाही, म्हणजे ते मशीन आलेलंच नाही. खणोबा ते पुसून, कापसात गुंडाळून डब्याशेजारी ठेवत. जेवायला सोबत म्हणा.

आणि रविवारचं ओरडणं? ते ताईसाठी. खणोबांची थोरली बहीण, आठ तासांवरच्या गावात एकटी राहते, आणि तिच्या कानात अगदी पहिली साद. खणोबांनीच नोकरीला लागल्या लागल्या दिलेली. रविवारी दहाला तिचा फोन येणार, खणोबा गॅलरीत जाऊन ओरडणार, “जेवलो. हो, जेवलो. भेंडी नाही, दुसरं काहीतरी.” ताईच्या गुडघ्यांपासून तिच्या शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं बिल्डिंगला पाठ. आठवड्यातलं खणोबांचं बोलणं ते एवढंच, म्हणून जरा मोठ्याने.

मग कंपनीने आठवं मशीन काढलं. नाव काय ठेवावं? परत ‘साद’. नंबर नाही, प्लस नाही, नुसती साद. बाजारात यायला महिना होता, पण सुटे भाग आधी येतात. एका गुरुवारी माल उतरला. यादीत लिहिलं होतं, ‘साद, कानातली तार’. खणोबांनी यादी पाहिली, खण पाहिला, त्यावरही ‘साद’. सव्वीस वर्षांत यादीपुढे त्यांनी स्वतःची अक्कल कधी चालवली नव्हती. नव्या तारा जुन्यांच्या वरच ठेवून दिल्या.

शनिवारी ताईच्या शेजारणीने फोन केला, ताईची तार तुटली म्हणून. खणोबांनी पहिला खण ओढला, वरची तार उचलली, पुडी करून पाठवली. तार बसेना. दुसऱ्या कुणी पाठवली असती तर ताईने ती परत केली असती. पण भावाने पाठवलीय म्हणजे बसणारच, चूक आपल्या बोटांची, असं धरून तिने ती दाबली. पुन्हा दाबली. तार बसते ते मशीनचं तोंडच तुटलं.

पहिल्या सादेची मशीनं आता बनत नाहीत. खणोबांना तिची जोड माहीत होती, पाच नंबरच्या खणात, कुठल्याशा गेलेल्या वडिलांची. ती घेऊन ते जुळवणीवाल्याकडे गेले. प्रत्येकाच्या कानाप्रमाणे मशीनचा आवाज कॉम्प्युटरवर जुळवावा लागतो, ते काम त्याचं.

“काका, ही जुळत नाही,” तो म्हणाला. “साद म्हटलं की हा कॉम्प्युटर आता आलेली नवीच उघडतो. जुनीची फाइल त्याच नावाची होती, नवीने तिची जागा घेतली.”

“मग जुनीला दुसरं नाव दे.”

“मी कोण देणार? नावं वरून येतात. नवीचं नाव बदललं तर जुनीची फाइल परत मागवता येईल.”

“आणि नाही बदललं तर?”

“ताईंना नवी घ्यायला सांगा.”

नवी घ्यायची तर कान तपासायला मोठ्या शहरात जायला हवं, आणि ताईचे गुडघे तिला दारातल्या पायरीपर्यंतच नेतात. ताईकडे जाऊन यावं, तर रोज माल उतरत होता आणि स्टोअरला दुसरा माणूस नव्हता. पत्र टाकलं, पण रविवारच्या बोलण्यातलं पत्रात लिहायचं काय? ‘हो, जेवलो’?

म्हणून खणोबांनी नावाच्या खात्याला पत्र लिहिलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं. दीड पान, खाली घरचा पत्ता. ते पोचलं, आणि सोमवारी खोके छापायला जायचे म्हणून बाई रविवारीच येऊन थडकली.

तिला खुर्ची दिली, खणोबा कॉटच्या कडेवर बसले. चहा एकाच कपात झाला असता म्हणून केलाच नाही.

“काका, पत्र फार नम्र आहे,” बाई म्हणाली. “तुमची तक्रार काय आहे, ते मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.”

“तक्रार नाही. नुसतं विचारलंय, की नावं ठेवताना मोडलेल्या मशीनचा विचार करता का.”

“आम्ही घेणाऱ्याचा विचार करतो. आठ म्हटलं की आजोबांना वाटतं, आधीच्या सात बिघडल्या. नुसतं साद म्हटलं की ओळखीचं वाटतं.”

तेवढ्यात दहा वाजले आणि फोन वाजला. सवयीने खणोबांनी स्पीकर लावला. पण गॅलरीत गेले नाहीत.

“काय रे धाकट्या,” ताईचा आवाज आला. “मीच बोलते. ऐकू काही येत नाही, पण रविवार आहे म्हणून केला. जेवलास का?” मग ती थांबली. चांगले तीनचार श्वास थांबली. “हो म्हणालास असं धरून चालते. पोळ्यांना बाई येते की बाहेरून मागवतोस?” पुन्हा थांबली. “बाहेरून. मला वाटलंच. गुडघा बरा आहे. म्हणजे तसाच आहे. तार पाठवलीस त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस, मीच जोरात दाबली. आता तू बोल.”

खणोबांनी फोन तोंडाजवळ नेला आणि परत मांडीवर ठेवला.

“बोललास? बरं. ठेवते मग.”

बाई खुर्चीत जरा सरळ झाली. खणोबांनी फोन उशीखाली ठेवला, जणू तोच आगाऊ होता.

“हीच ती ताई?” बाईने विचारलं. “पत्रात ग्राहक क्रमांक लिहिलाय तुम्ही.”

“ग्राहकच आहे ती.”

“मला तुमचं स्टोअर दाखवता?”

वहिनींनी वरून पाहिली ती गाडी ही. तळघरात खणोबांनी ट्यूब लावली आणि एकेक खण ओढून दाखवला. त्या दिवशी त्यांनी आठवड्याचं बोलणं एका तासात उरकलं. नंबर बरा, पण मधला गाळू नये, गाळलेल्या नंबरचीच माणसं जास्त फोन करतात. प्लस म्हणजे आईने दुसऱ्या मुलाला पहिल्याच्याच नावाने हाक मारून वर ‘जास्तीचा’ म्हणण्यासारखं. आणि नवी हे नाव तर दुधासारखं, दुसऱ्या दिवशी वास येतो.

“आणि हा पाच?” बाईने खण ओढला. डबा, चष्मा, शर्ट, कापसातली अकरा मशीनं. तिने एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, तिसरी उघडली नाही.

“हे कुणाच्या यादीत आहेत?”

“कुणाच्याच नाहीत. म्हणून टिकलेत.”

“मग तुमच्या मते काय नाव ठेवावं? खरं सांगा.”

“नाव तुम्ही काहीही ठेवा. आजोबाचं नातवाला ठेवतात, तसं परत साद ठेवा. पण अंगावर जन्मसाल लिहा, आणि यादीत नावापुढे तेच साल लिहा. दोन नातेवाईक एका नावाचे असले तरी दोघांना एकच औषध देत नाही आपण.”

बाई हसली नाही. तिने वहीत लिहून घेतलं. “खोक्यावर साल नाही चालणार, काका. वर्षभरात खोका शिळा दिसतो. बॅटरीच्या झाकणाच्या आत घालू. पण तिथे इतकं बारीक येईल की वाचणार कोण?”

“ज्याचं बिघडेल तो. भिंग शोधत बसेल, पण वाचेल.”

खोके सोमवारी नुसत्या ‘साद’ नावाने छापले गेले. बाईने तेवढं सोडलं नाही. पण यादीत नव्या सादेपुढे साल लागलं, जुनीपुढेही लागलं, आणि आठवड्याभराने जुळवणीवाल्याच्या कॉम्प्युटरवर जुनीची फाइल परत आली. गेलेल्या वडिलांची साद ताईच्या कानाप्रमाणे जुळली. पुडीत घालण्याआधी खणोबांनी तार दोनदा बसवून पाहिली, तिसऱ्यांदा चष्मा लावून पाहिली. पाच नंबरच्या खणात दहा मशीनं उरली. चौथा रविवार मात्र तसाच गेला, पार्सल वाटेत होतं.

पाचव्या रविवारी दहाला सगळी बिल्डिंग काहीतरी झटकायला, वाळत घालायला, झाडांना पाणी घालायला गॅलऱ्यांत होती. योगायोग म्हणायचा. फोन वाजला, खणोबा बाहेर आले आणि पहिल्या शब्दालाच कबुतरं उडाली. “जेवलो. हो. बाहेरून नाही, घरी केलं. अगं खरंच.” मग ते थांबले, ऐकलं, आणि मोठ्याने म्हणाले, “नाही, लग्नबिग्न काही नाही, कुणी सांगितलं तुला?” तेव्हा दोन गॅलऱ्या तातडीने आत गेल्या.

फोन ठेवल्यावर वहिनी वरून वाकल्या.

“भावजी, नवरी नाही मिळाली तर नाही, पण आवाज तेवढा जरा खाली घ्या. सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतं.”

खणोबांनी वर पाहिलं.

“येऊ दे की वहिनी. चार रविवार जिला यायला हवं होतं, तिलाच येत नव्हतं.”