दाजींची दुरुस्ती

नाशकातून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या डॉक्टराच्या हातून कधी चूक झालीच, तर ती आमच्या दाजींच्या नजरेखालून गेलेल्या पानामुळे झालेली नसेल, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार होतो. दाजी स्वतः डॉक्टर नाहीत, प्राध्यापक तर नाहीतच. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि पस्तीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजत बसायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर लोक बागेत जातात, देवळात जातात. दाजी द्वारका चौकाजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसू लागले. तिथे मेडिकलच्या मुलांच्या नोट्स त्यांच्या हाती लागल्या आणि माझ्या धंद्याचं जे व्हायचं ते झालं.

या नोट्स कुणातरी हुशार मुलीनं कधीकाळी काढलेल्या असतात. तिच्या वहीची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, असं करत त्या दरवर्षी पुढच्या वर्गाकडे सरकतात. अक्षर पुसट होत जातं, चुका मात्र टिकून राहतात. मशीनमधून पहिलं पान बाहेर पडलं की ते गरम असतानाच दाजी उचलायचे आणि दुसरं निघायच्या आत ओरडायचे, "बंद कर मशीन!" मग बाहेर दहा गिऱ्हाइकं ताटकळत असोत, दाजींचं वाचून झाल्याशिवाय दुसरं पान निघायचं नाही. एकदा तर त्यांनी निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन पंधराच्या जागी दीड छापलेलं पकडलं. मूळ वहीत पंधराच होतं. माझ्या मशीनच्या काचेवर बरोबर त्या दोन आकड्यांच्या मधे एक ठिपका बसला होता, त्यानं दशांशचिन्हाचं काम केलं होतं. "दीड हिमोग्लोबिनवर माणूस तुझ्या दुकानाची पायरी तरी चढेल का रे?" असं त्यांनी मला भर गर्दीत विचारलं. तेव्हापासून मी दर तासाला काच पुसतो.

दाजींची दुरुस्तीची पद्धतही त्यांचीच. चुकीच्या ओळीवर ते कधी काट मारत नाहीत. कागदाची बारीक पट्टी कापायची, तिच्यावर मोत्यासारख्या अक्षरात बरोबर मजकूर लिहायचा आणि ताईकडून करून आणलेल्या खळीनं ती पट्टी फक्त एका कडेनं चिकटवायची. पट्टी उचलली की खालची चूक दिसली पाहिजे. "पुसून टाकली तर पोरांना कळणार कसं, की माणूस कुठं घसरतो ते?" असं त्यांचं म्हणणं. माझं ऐकून ऐकून सगळं होस्टेल त्यांना दाजी म्हणायला लागलं. त्या हिशेबानं ताई दोन-अडीचशे भावी डॉक्टरांची बहीण झाली आणि दिवाळीत तिला एकाचीही ओवाळणी मिळाली नाही, हे ती अजून ऐकवते.

पट्टी लावूनही भागायचं नाही, समोरच्याला ते पटलं पाहिजे. आतड्यातले टायफॉइडचे व्रण उभे, म्हणजे आतड्याच्या लांबीला धरून असतात आणि क्षयाचे आडवे. एका वहीत हे नेमकं उलटं झालं होतं. ती वही नेलेला मुलगा दाजींना पंचवटीच्या भाजीबाजारात दिसला. दाजींनी जवळच्या टोपलीतलं पडवळ उचललं, नखानं त्यावर उभ्या रेघा ओढल्या. दुसरं उचललं, त्यावर आडव्या ओढल्या. मुलगा माना डोलवत होता आणि भाजीवाली कपाळाला हात लावून बसली होती. "बाबा, आता हे पडवळ कोन घेईल? तुमी घ्या!" दाजींनी दोन्ही आतडी पिशवीत टाकली आणि आम्ही दोन दिवस पडवळाची भाजी खाल्ली.

अशा माणसाकडून चूक होईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. गेल्या वर्षी ती झाली. रक्ताच्या कर्करोगाच्या एका तीव्र प्रकारात, हाडातल्या मज्जेत कोवळ्या पेशी शंभरात किती दिसल्या म्हणजे निदान पक्कं धरायचं, असा तो मुद्दा होता. नोट्समध्ये वीस होतं. दाजींनी संचासंचावर पट्टी लावून तीस केलं आणि असे चाळीस संच वाटले गेले. परीक्षा आठवड्यावर आली असताना होस्टेलवरची एक मुलगी बिचकत बिचकत दुकानात आली.

"दाजी, आमच्या मॅडम म्हणतात वीसच बरोबर आहे."

"तुमच्या मॅडम पाळण्यात होत्या, तेव्हापासून मी पेशी मोजतोय!"

तिनं पिशवीतून नवं जाडजूड पुस्तक काढून पुढे धरलं. दाजींनी पान वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. तीस ही जुनी मर्यादा होती. ती वीसवर आल्याला कितीतरी वर्षं झाली होती. त्यांच्या लॅबमध्ये मज्जेच्या तपासण्या होत नसत, त्यामुळे तरुणपणी पाठ केलेला आकडा डोक्यात तसाच राहिला होता. दाजी स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पोरं माझ्या भरवशावर तीस लिहून येतील रे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "एका मार्काचा प्रश्न असेल, दाजी. ग्रुपवर मेसेज टाकतो, संपला विषय."

"मेसेज टाकच. पण पट्टी मी लावलीये. मलाच जायला पाहिजे."

आणि दाजी गेले. खळीची बाटली आणि पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन, होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून. जुन्या पट्टीवर नवी पट्टी: "खालची दुरुस्ती चुकीची आहे. मूळ आकडा वीस हाच बरोबर. चूक माझी." खाली पूर्ण नाव आणि सही. चार दिवसांत एकोणचाळीस संच झाले. राहिलेला एक पोरगा फोन बंद करून अभ्यासाला येवल्याला घरी गेला होता. दाजींनी एसटी पकडली. त्यांना एकटं सोडवेना म्हणून दुकान बंद करून मीही गेलो.

पोराचे वडील मागावर पैठणी विणत होते. पोरगा वरून येईपर्यंत दाजींना स्वस्थ बसवलं नाही. त्यांनी वाकून पदरावरच्या मोराच्या पंखात एक रंग राहिल्याचं दाखवलं. "तो भरायचाय अजून, बसा तुमी," विणकर म्हणाला आणि दाजी ओशाळून बसले. आम्ही का आलो ते समजल्यावर मात्र त्यानं हातातलं काम थांबवलं. "एवढ्यासाठी नाशिकहून आले? लय झालं हो, बाबा!" पोरग्यानं आपला संच आणून पुढे धरला आणि दाजींनी चाळिसावी पट्टी लावली. परतीच्या गाडीत दाजी खिडकीबाहेर पाहत एवढंच म्हणाले, "आता कुणाच्या वहीला हात लावायचा नाही."

ते खरंच यायचे बंद झाले. माझं मशीन धडाधड चालू लागलं, गिऱ्हाइकं खूश झाली आणि मला दुकानात करमेना. पुढच्या सत्राला तीच मुलगी नोट्स घेऊन आली आणि दाजी दिसत नाहीत म्हटल्यावर वही परत पिशवीत ठेवू लागली. "त्यांनी बघितल्याशिवाय नको, काका," ती म्हणाली. "चुका सगळ्यांच्याच होतात. आपली चूक सांगायला दारापर्यंत आलेले ते एकटेच."

मी तिला घेऊन ताईकडे गेलो. दाजींनी आधी नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. तिनं वही आणि नवं पुस्तक दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली.  मग पुस्तक जवळ ओढून त्यांनी आधी ते कोणत्या सालचं आहे ते पाहिलं आणि मगच वही उघडली. आता त्यांना एका पानाला अर्धा तास लागत होता आणि पट्टी कापण्याआधी ते आकडा पुस्तकाशी ताडून बघत होते. ती मुलगी शेजारी बसून पट्टीचं दुसरं टोक धरत होती.

मला दाजींचा केवढा अभिमान वाटतो, हे त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन ताईला सांगितलं. ती हसली. तिचं लग्न ठरत होतं तेव्हा 'लोकांची लघवी तपासणारा नवरा कशाला?' म्हणून सगळ्यांत जास्त तोंड वाकडं मीच केलं होतं. ते ताईनं दाजींना आजवर कळू दिलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही. चहा झाला होता. ताईनं कप माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "जा, तूच नेऊन दे. आणि आत्ता मला सांगितलंस, ते त्यांना सांग."