गतिरोधकावरचा आणखी एक थर

अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही, अशी माझी समजूत होती. सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात गेली. वरून आलेल्या पत्राला गोड बोलून कसं खिंडीत गाठायचं, ते मला पक्कं ठाऊक. त्यामुळे पाणी असो, कचरा असो, पनवेलच्या आमच्या सोसायटीत काहीही बिनसलं की लोक कागद घेऊन माझ्याकडे येत आणि मी ते मिरवत असे.

गतिरोधकाचा अर्जही मीच लिहिला. हायवे तुंबला की बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर आमच्या फाटकापुढच्या रस्त्यावर घुसत. समोरच शाळा. ती सुटायच्या वेळी मी हातातलं काम टाकून गॅलरीत येऊन उभी राही. मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. फाटकाशी मासे विकणाऱ्या मावशींनाही सोडलं नाही. त्या उरणच्या रस्त्यावरच्या खाडीकाठच्या गावातून नवऱ्याच्या मोपेडवर एका अंगाला बसून यायच्या, मांडीवर टोपली घेऊन.

"आमी कुठं हितल्या, बाय?" त्या म्हणाल्या.

"रोज इथूनच जाता ना? मग करा सही," मी दरडावलं. त्यांनी हात पदराला पुसून सावकाश सही केली.

प्रभागाच्या बैठकीत मी उभी राहून बोलले. गाडी थांबलीच पाहिजे असा गतिरोधक हवा, नावापुरता नको, असं ठणकावलं. टाळ्या पडल्या. पुढे कित्येक महिने काही हललं नाही, आणि मे महिन्यात एका दुपारी अचानक डांबर घेऊन माणसं आली.

त्यांनी घातलेला उंचवटा मला अगदीच बसका वाटला. एवढ्याशा टेकाडाला ट्रेलर काय भीक घालणार! मी घरात जाऊन चहा केला, किटली घेऊन खाली उतरले आणि मुकादमाला म्हटलं, "दादा, अजून एक थर टाका ना." त्याने आधी मान हलवली, मग चहाकडे बघून थर टाकला. किटलीत उरलेला अर्धा कप मी टोपली आवरणाऱ्या मावशींना दिला. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

त्याच संध्याकाळी दुधाची गाडी त्यावरून आदळली आणि अर्धे क्रेट रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी एक मोटारसायकल. पांढरे पट्टे मारलेलेच नव्हते. दिवेलागणीला काळ्यावर काळं काही दिसत नसे. मी महापालिकेच्या ऑफिसात फोन लावला. तिथला इंजिनियर अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, अर्जात पट्ट्यांचा उल्लेख नाही. रंगाचं काम वेगळं निघतं." मी फाइलमधून अर्जाची पोच घेतलेली प्रत काढली. दोन पानांत शाळकरी मुलं होती, वृद्ध होते, जीवितहानी होती, सबब होतं. पट्टे नव्हते.

मग मी रोज संध्याकाळी रांगोळीचा डबा घेऊन खाली जाऊ लागले. "काकू, यंदा दिवाळी लवकर आली वाटतं!" असं म्हणून लोक हसायचे. टायर तासाभरात रांगोळी पुसून टाकायचे. घरी बसले तरी माझे कान रस्त्यावर. धाड् असा आवाज आला की भाजी गॅसवर सोडून मी गॅलरीत. "तू तिथे पोलीस चौकीच का उघडत नाहीस?" हे वैतागून म्हणायचे. दिसेल त्याला मी पट्ट्यांचं गाऱ्हाणं सांगायचे. खरं म्हणजे त्या पट्ट्यांमागे मी लपत होते. उंचीबद्दल कुणी विचारू नये, एवढंच मला हवं होतं.

गटारीच्या आदल्या दिवशी मासळीला गिऱ्हाईक फार, म्हणून मावशी संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. पावसामुळे रांगोळीही नव्हती. पण त्या दोघांना गतिरोधक काही नवा नव्हता. नवऱ्याने मोपेड अगदी हळू आणली, जपून वर चढवली. पुढचं चाक उचललं गेलं आणि मावशी टोपलीसकट मागे घसरल्या. मी हे सगळं गॅलरीतून पाहिलं. पट्टे असते तरी त्या पडल्याच असत्या.

मी छत्री घेऊन धावले. त्यांचं उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. नवरा रडकुंडीला येऊन सांगत होता, "हलूच घेतली मी. पन हा हाय किती उंच!" आणि मी, मी काय म्हणावं? मी म्हटलं, "पट्टे नाहीत ना." त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

महिनाभर फाटकाशी त्यांची जागा रिकामी होती. मग एका सकाळी बेल वाजली. दारात मावशी, हात प्लास्टरमध्ये. आता आपली चांगली खरडपट्टी निघणार, असं धरूनच मी त्यांना आत घेतलं.

"आमच्या गावच्या नाक्यावर बी कंटेनरचे टेलर घुसतात," त्या म्हणाल्या. "पोरांना रस्ता वलांडता येत नाय. तुमी अर्ज लिवून द्या."

मी कागद काढला. पेन हातात घेतलं, पण पहिली ओळ सुचेना. शेवटी पट्ट्यांपासूनच सुरुवात केली आणि त्यांना वाचून दाखवली.

"पट्टे हायत, बरं झालं. आता उंची लिवा. माप टाकून लिवा."

मी माप टाकून लिहिलं. त्यांनी डाव्या हाताने सही केली. अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली खाली गेली. मी केलेला चहा त्यांनी निवांत प्यायला, कागदाची घडी ब्लाउजात खोचली आणि चपला घालताना वर न बघताच म्हणाल्या,

"आनि बाय, कामाला मानसं येतील तवा तुमी चा घेऊन येऊ नका."