डिझेलला पर्याय: कळसचे प्रयोग

डिझेल इंजिनाच्या गॅरेजात दोन गोष्टी साठतात. जळकं ऑइल आणि किस्से. ऑइल निदान न्यायला माणूस येतो!

गॅरेज माझं, कळसला. शाळा चौथीपर्यंत, इंजिनाला सर्टिफिकेट लागत नाही. पूर्वी दारात इंजिनांची रांग असायची. सोलर पंप आले आणि रांग गेली. आता मंडळी येऊन बसतात आणि माझं दुकान कधी बंद होणार, याची चर्चा करतात. माझ्याच बाकावर बसून!

मी एकदाच सांगितलं, "विहिरीचा तळ दिसतो म्हणून आपण पाणी जपतो. डिझेलचा तळ कुणाला दिसत न्हाय. ते संपणार, मलाबी कळतं. पण माझ्या आधी न्हाय."

*

आमच्यात भानुदास उसाचा बागायतदार. पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल मिसळतात, हे त्याला गॅरेजातच कळलं. बराच वेळ मोटारसायकलच्या टाकीकडं बघत बसला.

"म्हंजी आबा, ऊस मी लावायचा, कारखान्याला मी घालायचा, आन् प्यायचा हिनं?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग बैल काय वाईट होता? त्यो उसाचं वाढं खाऊन गप बसायचा. हिला रसच लागतो!"

*

हाच भानुदास पुढं गोबरगॅसच्या मागं लागला. बांधायची तर मोठी टाकी बांधायची, म्हणाला. बांधली. गवंडीसुद्धा लांबून आणला. मंडळी बघायला गेली. टाकी खरोखर झकास!

मी विचारलं, "म्हशी दिसत न्हाईत?"

"टाकीसाठी इकल्या."

त्याची बायको म्हणाली, "आबा, आता ह्यांनाच चारा घालते!"

*

भीमराव बँकेतून रिटायर झालेले. घर जळोचीला, शेती इथं. इलेक्ट्रिक स्कूटर त्यांनीच पहिली घेतली. "आबा, धूर न्हाय, आवाज न्हाय," रोज ऐकवायचे.

एकदा पाहुण्याकडं मोरगावला निघाले. गाव दिसायला लागलं आणि बॅटरी संपली. आता धूर नाही, आवाज नाही, आणि गाडीही नाही! ढकलत एका हॉटेलात नेली, चार्जिंगला लावली. फुकट कसं बसायचं? म्हणून चहा घेतला. मग भजी. मग पुन्हा चहा. मग मिसळ.

शेवटी हॉटेलवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, नुसतं बसा. गाडीचं पोट भरंपातुर तुमचं फुटंल!"

*

आमच्यातल्याच तात्यांनी सोलर पंप बसवला, तो पहिला दसरा. आम्ही दसऱ्याला हत्यारं, औजारं पूजतो. तात्यांनी पॅनेल पूजले. एकही पॅनेल उपाशी ठेवला नाही. हळदीचे पट्टे, झेंडूचे हार, वर आंब्याचे डहाळे. पंप मुका झाला.

तात्या धावत आले. "आबा, कंपनीनं फसवलं!"

मी जाऊन बघितलं. म्हणालो, "देवाचे डोळे झाकलेत, आन् उजेड मागताय व्हय?"

*

तात्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. घर तिच्यावर चालतं. यंदा ढग आले ते हलेनातच. पाऊस नाही, ऊन नाही, नुसता कोरडा वारा. सोलर पंप थेंब थेंब टाकायचा. विजेचं कनेक्शन तात्यांनी घेतलेलंच नव्हतं. ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली.

तात्या गॅरेजात आले. बसले. माझं दुकान मोडीत काढण्यात सगळ्यात पुढं हेच असायचे. इकडं तिकडं बघून म्हणाले, "आबा, तुमचं इंजिन लई दिवस पडून हाय. गंज चढंल. माझ्या विहिरीवर जरा चालवून बघा की!"

मी उठलो. इंजिन ट्रॉलीत घातलं.

विहिरीवर हँडल मारलं. पहिल्या दणक्यात चालू! शिवारभर आवाज घुमला. पाणी भदाभदा हौदात पडायला लागलं. तात्यांच्या सूनबाई पाइप घेऊन रोपांकडं पळाल्या. संध्याकाळपर्यंत रोपं भिजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी रोपांनी माना वर केल्या, आणि दुपारी ढग फाटले. कडक ऊन पडलं. सोलर पंप आपोआप चालू झाला. एका हौदात दोन धारा!

मी इंजिनाकडं हात नेला. "तात्या, बंद करतो. डिझेल उगंच जळतंय."

तात्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या आबा. रोपांना आवाजाची सवय झालीया."